रेल्वेनं देश जोडला, की नुसता कापूस बंदराशी जोडला?

मीनल_भु

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय. रविवारी आमच्याकडे जेवताना जोरदार जुंपली. सासरे रेल्वेतून रिटायर, सगळी नोकरी भुसावळच्या शेडमध्ये, त्यांचे वडीलही रेल्वेतच, घरात अजून कुणी कुणी 'जीआयपी' (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे) असंच म्हणतं. तर सासरे म्हणाले की काही म्हणा, रेल्वे आली म्हणून हा देश एक झाला, नाहीतर खानदेशातल्या माणसाला मद्रास कुठंशी आहे हे कशाला कळायला गेलं असतं. झालं, दीर उसळलाच, "बाबा ती रेल्वे तुमच्यासाठी नव्हतीच, वऱ्हाड खानदेशातला कापूस मँचेस्टरला न्यायला होती आणि पैसाही आपलाच लावला त्यांनी". मग आवाज चढले, भरीत निवलं, सासूबाई उठून आत गेल्या.

मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं आणि तेच नको वाटतंय. म्हणून सरळ विचारते, बांधायचा पैसा खरंच आपल्याकडून गेला का इंग्लंडच्या कंपन्यांनी घातला? आणि देश जोडायचाय असं तेव्हा कुणाच्या डोक्यात तरी होतं का? फॉरवर्ड नकोत प्लीज, ते दोघांकडेही भरपूर आहेत.

जुनी_वही

मीनलताई, पैशाच्या मुद्द्यावर दीर जिंकले, पण ते म्हणतायत तितकं सरळ नाही ते. भांडवल आलं इंग्लंडमधूनच. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही कंपनीच १८४९ साली तिकडच्या पार्लमेंटच्या कायद्यानं झाली, भागधारक जवळपास सगळे तिकडचे, आपल्याकडच्या लोकांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. मग आपला पैसा कुठं गेला? तर हमी. सरकारनं कंपन्यांना लिहून दिलेलं की तुमच्या भांडवलावर ५ टक्के परतावा पक्का, धंद्यात तेवढा सुटला नाही तर उरलेला हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरू, वर ९९ वर्षांसाठी जमीन फुकट. तिजोरी म्हणजे शेतसारा, मीठ, अफू. म्हणजे पैसा घालणारा लंडनमध्ये आणि त्याची जोखीम घेणारा सांगली-साताऱ्याचा शेतकरी, ज्याला कुणी विचारलेलंही नाही.

आता असं असल्यावर काटकसर कोण कशाला करेल. तेव्हाचा गव्हर्नर जनरल डलहौसी, त्याचा अंदाज मैलाला ८ हजार पौंडांचा होता, प्रत्यक्षात १८६८ पर्यंत सरासरी १८ हजारांच्या घरात गेली. सरकारचाच माजी अर्थमंत्री, विल्यम मॅसी, १८७२ मध्ये साक्ष देताना बोलून गेला की पैसे घालणाऱ्याला पाच टक्के मिळणारच होते, मग त्याचा पैसा हुगळी नदीत फेकला काय आणि विटाचुन्यात घातला काय, त्याला फरक पडत नव्हता. हे आपल्या कुठल्या पुढाऱ्याचं भाषण नाही हं, त्यांच्याच माणसाचं आहे. दादाभाई, न्यायमूर्ती रानडे, गणेश व्यंकटेश जोशी ही मंडळी पुढं आयुष्यभर हाच हिशोब मांडत राहिली, की रेल्वेवर एवढा खर्च होतो आणि पाटबंधाऱ्यांवर त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा होत नाही.

आणि हेतू? डलहौसीचं १८५३ चं टिपण आहे, त्यात फौज पटकन हलवणे आणि इंग्लंडला हवा असलेला कापूस बंदरावर आणणे, दोन्ही उघड लिहिलंय. देशबिश जोडायची भाषा तुम्हाला त्यात शोधून सापडणार नाही, प्रशासन सोपं होईल, माल हलेल, एवढंच.

पण दीरांना एक गंमत सांगा. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते ६५, तेव्हा मँचेस्टरची अमेरिकन कापसाची आवक तुटली आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाडी नागपूरला पोचली कधी, तर १८६७. तेजी संपून, मुंबईत शेअरवाल्यांची दिवाळखोरी होऊन दोन वर्षं झालेली. आणि मग त्याच रुळांच्या भरवशावर १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली, मुंबईत जागा न घेता मुद्दाम कापसाच्या उशाशी. मँचेस्टरसाठी टाकलेल्या लाईनवर मँचेस्टरचाच स्पर्धक उभा राहिला म्हणा की.

टपरीवरचा

दिराला माझ्यातर्फे एक कटिंग. सासऱ्यांना दोन, कारण त्यांच्या शेडमुळे आमची गाडी वेळेवर यायची.

बाकी जुनी_वही, नाना शंकरशेटांचं नाव नाही घेतलंत? १८४५ पासून नाना आणि जमशेटजी जीजीभॉय रेल्वेसाठी मागे लागले होते, नाना तर कंपनीच्या डायरेक्टरांत होते, १८५३ च्या पहिल्या गाडीत बसले होते. म्हणजे रेल्वे हवी असं म्हणणारे इथलेही होतेच ना. सगळं लादलं असं कसं म्हणता.

जुनी_वही

बरोबर, होतेच. मुंबईच्या व्यापारी मंडळींना व्यापार वाढायला हवा होता आणि नानांना शहरही मोठं व्हायला हवं होतं. पण हवी असणं वेगळं आणि अटी ठरवणं वेगळं. अटी लंडनमध्ये ठरल्या.

सह्यभटक्या

पैशाचं झालं, आता घामाचं कुणी बोलणार आहे का? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब सिंध सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, हे सगळ्यांना पाठ असतं. माझ्या मते ते सोपं काम होतं. सपाट जमीन, झालं. खरी रेल्वे घाटात झाली, आणि त्याबद्दल शाळेच्या पुस्तकात दोन ओळी असतात.

बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं. चीफ इंजिनिअर जेम्स बर्कले. वरची बाजू, खंडाळा ते पुणे, १८५८ लाच चालू झाली आणि खालून गाडी खोपोलीपर्यंत यायची, मधला घाट लोक पालखीत, तट्टावर, खुर्चीत बसून चढायचे आणि वर जाऊन दुसरी गाडी पकडायचे, अशी पाच वर्षं काढलीत पुण्याच्या लोकांनी. चढ एवढा की ३७ फुटाला १ फूट, २५ बोगदे, आणि एका जागी तर वळायलाच वाव नाही म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडी एका दिशेनं जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे आणि उलट्या तोंडानं पुढे चढायची. ते १९२९ च्या सुमारास नवीन वळण काढल्यावर बंद झालं. आजही कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात ती याच चढामुळे, आपण त्या वेळात वडापाव खातो तेवढंच.

आता माणसं. १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजारांपर्यंत मजूर या घाटात होते. खडकावर दोरानं लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायची, पावसाळ्यात काम बंद, आणि वस्तीत कॉलरा शिरला की माणसं हजारांनी जायची. पहिल्या कंत्राटदाराच्या हाताखालच्या लोकांनी मजुरी थकवली तेव्हा १८५९ च्या जानेवारीत दंगल झाली, त्यात एक युरोपियन मेला. कंत्राटदार, फेव्हील नाव त्याचं, काम सोडून गेला. मग सॉलोमन ट्रेडवेल म्हणून नवा आला, तो उतरल्यापासून पंधरवड्यातच वारला, आणि कंत्राट पुढे कुणी नेलं तर त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं. दोन अनुभवी इंजिनिअर हाताशी धरून तिनं घाट पुरा केला, १८६३. बर्कलेला ते बघायला मिळालं नाही, तो आदल्या वर्षीच गेला. आणि एवढं होऊनही १८६७ च्या पावसात घाटातला एक अख्खा दगडी पूल ढासळला, बांधकामाच्या दर्जाचं काय झालं असेल ते जुनी_वहींच्या हुगळीवाल्या किश्श्याशी जोडून बघा.

तुम्ही जुन्या हायवेनं गेलात तर घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. गोष्ट अशी सांगतात की साहेबाला वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा धनगरानं आपल्या जनावरांची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं तर त्याला गोळी घातली. दंतकथा आहे, रस्त्याची का रेल्वेची यावरही लोक भांडतात. पण ट्रकवाले अजून नाणं टाकतात तिथे. ॲलिसबाईंना निदान कंत्राटाच्या कागदावर नाव मिळालं, त्या ४२ हजारांतल्या कुणाचं देऊळ असेल तर हेच एक.

परभणीचा_पोरगा

सगळे मुंबई-पुणे-नागपूर करताय म्हणून मध्येच घुसतो. "रेल्वेनं देश जोडला" हे वाक्य आमच्या मराठवाड्यात येऊन बोला जरा.

आमच्याकडे गाडी आली ती निजामाच्या राज्यात, १९०० च्या सुमारास, मनमाड ते सिकंदराबाद, औरंगाबाद जालना परभणी नांदेड करत. मीटरगेज. आणि मनमाडला इकडून मुंबईची ब्रॉडगेज. रूळच वेगळ्या मापाचे, म्हणजे आमचा डबा मुंबईला जाऊच शकत नव्हता, मनमाडच्या मालधक्क्यावर हमालांनी प्रत्येक पोतं एका वाघिणीतून (मालडब्यातून) काढून दुसरीत टाकायचं. जवळपास शंभर वर्षं कापूस, ज्वारी, माणसं, सगळं मनमाडला उतरून गाडी बदलून. औरंगाबादला ब्रॉडगेज आली ती १९९० च्या दशकात!! १९४८ ला आम्ही निजामातून सुटलो, ६० ला महाराष्ट्रात आलो, पण रुळांचं तोंड हैदराबादकडेच. झोन दक्षिण मध्य, हेडऑफिस सिकंदराबाद, नांदेड डिव्हिजन झालं ते २००३ मध्ये आणि तेही त्याच झोनमध्ये. नगर-बीड-परळी लाईन १९९५ ला मंजूर झालेली, बीडला गाडी पोचायला २०२५ उजाडलं.

त्यामुळे माझं म्हणणं असं की रेल्वेनं देश जोडलाही आणि कुणाचं तोंड कुठल्या दिशेला राहणार तेही ठरवून टाकलं, आणि ते रूळ एकदा पडले की राज्यं बदलली, सरकारं बदलली तरी हटत नाहीत. इंग्रजांना शिव्या देऊन झाल्या असतील तर ४७ नंतरचंही बोला.

एक मात्र आहे. २०१६ ला लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली, आधी १० वाघिणी, मग ५० वाघिणींची. ती आली कुठल्या मार्गानं? पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. म्हणजे जुनी बार्शी लाईट रेल्वे. १८९७ ला बार्शीच्या कापसासाठी आणि नंतर पंढरीच्या वारकऱ्यांसाठी काल्थ्रॉप नावाच्या साहेबानं काढलेली अडीच फुटी चिमुकली गाडी, तिची ब्रॉडगेज झाली ती त्याच्या काहीच वर्षं आधी. ती झाली नसती तर ते पाणी कशानं आणलं असतं कुणास ठाऊक.

टपरीवरचा

परभणीकर दादा, मनमाडचं वाचून वाईट वाटलं पण मापाचा घोळ इंग्रजांनी पैसे वाचवायला केला ना? आधी सगळं साडेपाच फुटी, मग १८७० नंतर व्हाइसरॉय मेयोच्या काळात स्वस्तात व्हावं म्हणून मीटरगेज. आणि १९९२ पासून युनिगेज, म्हणजे सगळीकडे एकच माप, करत आता कुठे निस्तरतोय आपण. बरं मला एक सांगा कुणीतरी, दुष्काळात रेल्वेनं माणसं वाचवली का मारली? दोन्ही वाचलंय.

जुनी_वही

दोन्ही खरं आहे, काळ बघावा लागतो. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात रेल्वे होती, धान्य हललंही, पण ज्या जिल्ह्यात धान्य होतं तिथलंही व्यापाऱ्यांनी जास्त भावाच्या ठिकाणी उचलून नेलं, आणि त्याच काळात बंदरातून गहू इंग्लंडला जात होता. ज्याच्या हातात पैसाच नाही त्याच्या गावावरून धान्याची गाडी गेली तर त्यानं काय करावं? १८८० च्या फॅमिन कमिशननं मग दुष्काळी भागासाठी म्हणून आणखी हजारो मैल लाईनी टाकायला सांगितल्या, आपली पुणे-मिरज-बेळगाव ही सदर्न मराठा रेल्वेची लाईन त्यातूनच आली. तरी १८९६-९७ आणि १८९९-१९०० ला लाखो माणसं गेलीच. विसाव्या शतकात फरक दिसायला लागला, पण तो एकट्या रेल्वेचा नाही, दुष्काळी कामं, तगाई (शेतकऱ्याला सरकारी कर्ज), हे सगळं धरून.

विद्या_ना

मीनल, तुझ्या सासऱ्यांच्या बाजूनं कुणीच नीट बोललं नाहीये म्हणून मी बोलते. हेतू काय होता यावर सगळे अडकलेत. कंपनीला वाटत होतं माल जाईल आणि नेटिव लोक काय बसणार, जातपात पाळणारे लोक एका डब्यात मांडीला मांडी लावून बसतील का. आणि झालं काय, तर तिसऱ्या वर्गाला तोबा गर्दी. वारकरी, व्यापारी, गिरणीत नोकरीला निघालेला कोकणी आणि घाटी माणूस, माहेरवाशिणी. प्रवाशांचं उत्पन्न मुख्यतः या तिसऱ्या वर्गानं दिलं आणि बदल्यात त्यांना लाकडी बाकही धड नव्हता.

१८७० ला मुंबई-कलकत्ता जोडलं गेलं जबलपूरमार्गे, १८७१ ला रायचूरला मद्रासची लाईन मिळाली. आणि पंधरा वर्षांत, १८८५ च्या डिसेंबरात, मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, ७२ प्रतिनिधी (पुण्यात व्हायचं होतं, कॉलऱ्यामुळे हलवलं). कलकत्ता, मद्रासचे वकील चार दिवसांसाठी मुंबईत येऊन परत जातायत हे बैलगाडीच्या काळात होतं का? १८९९ ला जीआयपीच्या तारवाल्यांनी संप केला तेव्हा टिळकांच्या वृत्तपत्रांनी त्यांची बाजू घेतली. म्हणजे सासऱ्यांच्या रेल्वेतली संपाची परंपरा पण जुनी आहे बरं का.

गांधीजींचं उलट म्हणणं होतं हे मान्य. १९०९ मध्ये हिंद स्वराज्यात त्यांनी लिहिलंय की रेल्वेनं प्लेग पसरवला, दुष्काळ वाढवले, आणि एक राष्ट्र आम्ही आधीपासूनच होतो, रामेश्वर जगन्नाथ हरिद्वार ही तीर्थं पूर्वजांनी उगाच नाही ठरवली. वाचायला छान आहे, पण १९१५ ला परत आल्यावर देश बघायला ते निघाले कशानं, तर तिसऱ्या वर्गाच्या डब्यानं. आणि १९१७ मध्ये त्या डब्यांच्या घाणीवर त्यांनीच लिहिलं, बाकी पुढारी बहुधा वरच्या वर्गानं जायचे.

पण सासऱ्यांना हेही सांग. १९०१ चा प्रसंग, बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलाय. नऊ-दहा वर्षांचे असतील, वडील कोरेगावला नोकरीला, तर भाऊ आणि भाचे असे पोरं पोरं साताऱ्याहून गाडीत बसून मसूर स्टेशनला उतरली. आगगाडी आधी बघितलेली नव्हती, नवे कपडे, नुसता आनंद. गाडीनं तिकीट दिलं, जागा दिली, जात विचारली नाही. खाली उतरले, स्टेशनमास्तरनं चौकशी केली, महार म्हटल्याबरोबर तो मागे सरला. एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं आणि गाडी पोरांनी हाकायची, गाडीवाला बाजूनं चालणार, या बोलीवर निघाले. म्हणजे रेल्वेची हद्द मसूरच्या फाटकाशी संपत होती. देश जोडला म्हणताना कुठपर्यंत जोडला हे विचारायला हवं ना.

आणि त्याच लाईनवर, कराड ओलांडलं की शेणोली लागतं. ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या (नाना पाटलांचं भूमिगत सरकार) तुफान सेनेनं तिथे सरकारी पगार घेऊन जाणारी गाडी लुटली, बापू लाड वगैरे. त्यांच्या डोळ्यांपुढे रेल्वे म्हणजे देश नव्हता, रेल्वे म्हणजे सरकार. चार वर्षांनी तीच रेल्वे आपली झाली.

कोळसा_आणि_वाफ

धागा भारी. एकच भर, कारण हे कुणी काढलं नाही. जपानमध्ये पहिली गाडी १८७२, आपल्यानंतर एकोणीस वर्षांनी, तीही इंग्रजांच्याच मदतीनं. पण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते स्वतःची इंजिनं स्वतः बनवायला लागले होते. आपल्याकडे पहिलं इंजिन अजमेरच्या वर्कशॉपात १८९५ ला बनलं, म्हणजे हात होते, अक्कल होती, आणि तरी १९४७ पर्यंत हजारोंनी इंजिनं ब्रिटनमधून आली, इथे बनली ती शेकड्यांत. चित्तरंजनचा कारखाना १९५० चा. माझ्या लेखी खरी लूट पाच टक्क्यांची नाही, ही आहे. रूळ टाकले आणि रुळांबरोबर जो कारखानदारीचा पसारा उभा राहायला हवा तो तिकडेच ठेवला. जे इंजिन भुसावळला दुरुस्त होऊ शकतं ते बनू का शकत नव्हतं, हे काकांना विचारा, त्यांचं मत ऐकायला आवडेल.

मीनल_भु

बापरे, सगळ्यांचे आभार. मी सगळं वाचून दाखवलं त्यांना, चष्मा लावून परत स्वतः वाचलं. इंजिनाच्या प्रश्नावर म्हणाले, "बनवता आलं असतं की, आमच्या वडलांच्या वेळचे फिटर हातानं पार्ट घासून बसवायचे, नकाशा साहेबाच्या कपाटात असायचा बस." मसूरचं वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की रेल्वे कॉलनीतही नळ वेगळे होते, हे मी कधी बोललो नाही तुमच्यासमोर. दीर गप्प. परभणीच्या दादांना त्यांनी सांगितलंय की मनमाडचे हमाल या विषयावर वेगळा धागा काढा, ते स्वतः लिहितील (म्हणजे मी टाईप करणार).

एक शंका त्यांचीच. त्यांचे वडील सांगायचे की मुंबईत बदली होती तेव्हा स्टेशनातलं घड्याळ आणि गावातलं घड्याळ वेगळं चालायचं. हे खरं का म्हातारपणचं काही?

जुनी_वही

अगदी खरं. १९०५-०६ पासून रेल्वे नव्या स्टँडर्ड टाईमवर चालायला लागली, मुंबई शहरानं मात्र आपला 'बॉम्बे टाईम' सोडला नाही, तो ३९ मिनिटं मागे. साहेबानं लादलेली वेळ नको म्हणून सुरू झालेला हट्ट, साहेब गेल्यावरही १९५५ पर्यंत चालला. मधली जवळपास पन्नास वर्षं मुंबईत कुणी "पाच वाजता भेटू" म्हणालं की "कुठले पाच, गाडीचे का गावाचे" हे विचारूनच निघावं लागायचं.